रॉन्डीतली कुत्र्यांची शर्यत मुलीला दाखवावी का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचं एक कुटुंब फेब्रुवारीच्या अखेरीस अलास्कात, अँकरेजला, बहिणीकडे चाललं आहे. आठ वर्षांच्या मुलीने तिथल्या ‘रॉन्डी’ उत्सवातल्या कुत्र्यांच्या स्लेजशर्यतीचा (स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी) ध्यास घेतलाय. आजी सोबत आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की मुक्या जनावरांना बर्फात पिटाळायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला बघवणार नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवरून एवढं रामायण झालं, मग तिकडे हे कसं चालतं? जावं का, आणि जायचं तर कोणत्या दिवशी?

दिवसाचं उत्तर सोपं आहे, ते देतेच. पण मला वाटतं तुमच्या घरात अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कुत्रं हौसेनं धावतंय की धाकानं, हे कडेला उभ्या राहिलेल्या पाहुण्याला ओळखू कसं यावं? ते ओळखता आलं तर आजींचा निर्णय आजी घेतील आणि मुलगीही काहीतरी शिकून येईल. म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजातून पदवी घेतली, तीन वर्षं सातारा जिल्ह्यात गाई-बैलांत काढली, मग लग्न होऊन इकडे अलास्कात आले आणि इथल्या परीक्षा देऊन पुन्हा कामाला लागले. गेले चौदा हिवाळे माझ्याकडे येणाऱ्या जनावरांत निम्मी स्लेजची कुत्री असतात. छोट्या शर्यतींत आणि लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत मी स्वयंसेवक म्हणून तपासणीलाही उभी राहते. म्हणजे या खेळावर माझा जीव आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला त्या हिशेबाने तोलता येईल.

आधी एक गल्लत दूर करू. त्या दिवसांत अँकरेजमध्ये कुत्र्यांच्या दोन मोठ्या गोष्टी होतात आणि बाहेरचे लोक त्यांना एकच समजतात. पहिली रॉन्डीची स्वतःची शर्यत. ही वेगाची शर्यत: तीन दिवस, रोज सुमारे 40 किलोमीटर, आणि तिन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज करून विजेता ठरतो. सहसा उत्सवाच्या पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारी असते. दुसरी इडिटरॉड, सुमारे 1,600 किलोमीटरची, अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावापर्यंत जाणारी. तिचा समारंभी प्रारंभ मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजच्या रस्त्यावर होतो, पण त्या दिवशीची वेळ धरतच नाहीत. स्लेजमध्ये पाहुणे बसलेले असतात, कुत्री आरामात अकरा-बारा मैल जातात, आणि खरी शर्यत दुसऱ्या दिवशी शहराबाहेर विलोहून सुटते. तुमच्या तारखा फेब्रुवारीच्या अखेरच्या असतील तर तुम्हाला पहिली मिळेल, मुक्काम वाढवलात तर दुसरीही. एकच बघायची असेल तर मी रॉन्डीची सांगेन. कारण तिथे टीम जाताना दिसते तशी तासा-दीड तासात परत येतानाही दिसते, आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तर परत येण्यात आहे.

रॉन्डीचं पूर्ण नाव फर रॉन्देव्हू. 1930 च्या दशकाच्या मध्यात अँकरेज जेमतेम तीन हजार वस्तीचं, जगापासून तुटलेलं गाव होतं. हिवाळा संपत आला की फासे लावून जनावरं पकडणारे लोक आणि खाणकामगार वर्षाची फर आणि सोनं घेऊन गावात उतरत. महिनोन्‌महिने एकटे राहिलेले हे लोक चार दिवस माणसांत असत, तेवढ्यात गावातल्या काहींनी खेळ भरवायचं ठरवलं. स्कीइंग, हॉकी, मुष्टियुद्ध, आणि फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर पोरांची कुत्र्यांची शर्यत. मोठ्यांची जागतिक अजिंक्यपद शर्यत 1946 मध्ये सुरू झाली.

आपल्याला ‘हिवाळी उत्सव’ म्हटलं की डिसेंबर आठवतो, पण इथे डिसेंबरात उजेडच पाच-सहा तासांचा. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस दहा-साडेदहा तासांचा झालेला असतो आणि रोज पाच-सहा मिनिटांनी वाढत असतो. ऊन आलंय आणि बर्फ अजून गेलेला नाही, असा हा मधला तुकडा. उत्तरेकडच्या बहुतेक गावांचे उत्सव याच तुकड्यात बसवलेले असतात. पहिल्या वर्षी मी आले तेव्हा लोक उणे दहा अंशांत टोप्या काढून उन्हाकडे तोंड करून उभे होते. मला ते तेव्हा कळलं नाही. पहिला हिवाळा काढल्यावर कळलं.

आता कुत्री. ही शर्यत कुणी करमणुकीसाठी शोधून काढलेली नाही. कुत्र्यांच्या टीमा इथे टपाल नेत, सरपण ओढत, फाशांच्या रांगेवर फिरत. 1925 च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्प पसरला तेव्हा औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढचे 674 मैल वीस स्लेजवाले आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी साखळीने, साडेपाच दिवसांत पार केले. शेवटच्या टप्प्यात पुढे धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा तुम्हाला माहीत असेल. पण त्या साखळीतले बरेच जण रोज तीच वाट तुडवणारे, टपाल नेणारे अथाबास्कन, म्हणजे इथले मूळ रहिवासी होते. मग साठच्या दशकात स्नोमशीन, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडी आली आणि पाच-दहा वर्षांत गावांतली कुत्री दिसेनाशी झाली. ट्रॅक्टर आल्यावर आपल्या गोठ्यांचं जे झालं तेच. 1973 मध्ये जो रेडिंग्टन यांनी इडिटरॉड उभी केली त्यामागे हीच तळमळ होती, की शर्यत असेल तर निदान कुणीतरी कुत्री पाळेल.

रॉन्डीत ज्याचं नाव लोक अजून आदराने घेतात तो जॉर्ज अ‍ॅटला. कोयुकुक नदीकाठच्या हूस्लिया गावचा. लहानपणी हाडांचा क्षय झाला, बालपणाची बरीच वर्षं इस्पितळात गेली आणि एक गुडघा कायमचा ताठ राहिला. स्लेजमागे पळावं लागतं, चढावर पायाने रेटा द्यावा लागतो, आणि याचा पाय वाकत नाही. 1958 मध्ये त्याने पहिल्यांदा अजिंक्यपद जिंकलं आणि पुढे एकूण दहा वेळा. त्याच्या तोडीस तोड उभे राहिलेले डॉक लोंबार्ड हे मॅसॅच्युसेट्सचे पशुवैद्य होते, आठ वेळा विजेते. आमच्या पेशातला माणूस तिथे उभा होता याचा मला अभिमान वाटतो. पण अ‍ॅटलाचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम शर्यतीबाहेरचं आहे. 2010 मध्ये त्याचा मुलगा फ्रँक गेला. त्यानंतर त्याने मुलाच्या नावाने हूस्लियाच्या शाळेत एक उपक्रम सुरू केला. शाळेतली मुलं कुत्र्यांना खाऊ घालतात, निगा राखतात, टीम हाकायला शिकतात, आणि गावातली म्हातारी माणसं त्यांना शिकवायला येतात. 2015 मध्ये अ‍ॅटला गेला, पण ती मुलं आता हाताशी आली आहेत. तुमच्या मुलीला शर्यतीआधी एखादी गोष्ट सांगायची असेल तर बाल्टोऐवजी ही सांगा.

मैदानात गेल्यावर पहिला धक्का बसेल तो कुत्री बघून. चित्रातली निळ्या डोळ्यांची, गुबगुबीत सायबेरियन हस्की तिथे फारशी दिसणार नाहीत. दिसतील ती वीस-बावीस किलोची, लांब पायांची, कमरेत बारीक कुत्री. यांना अलास्कन हस्की म्हणतात. ही नोंदणीकृत जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या पळणाऱ्यातून पळणारे निवडत आलेली मिश्र पैदास आहे, आणि वेगाच्या शर्यतींत तर पॉइंटर या शिकारी कुत्र्याचं रक्तही मिसळलेलं असतं. बारीक बघून आजी ‘उपाशी ठेवलंय’ म्हणतील. मी सुद्धा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवूनच ठरवते. फासळ्या बोटाला लागल्या तर चालतं, पण कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असलं कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरी आणि वरही खातं.

सुरुवात कशी असते ते सांगते. एका टीमला बारा, सोळा, कधी वीस कुत्री, जोडीजोडीने एका लांब दोराला जुंपलेली. पुढे लीडर, स्लेजच्या लगत सर्वांत ताकदीची जोडी. आठ बैलांचा जुना नांगर ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रचना चटकन कळेल. स्लेज मागून वाहनाला किंवा खांबाला बांधलेली असते, कारण नाही बांधली तर ती जाते. शेजारी माणसं कुत्र्यांचे हार्नेस, म्हणजे अंगावरचे जुंपायचे पट्टे धरून जवळपास ओढलीच जात असतात. आणि आवाज! भुंकणं, केकाटणं, हवेत चारी पायांनी उड्या. अंगावर येतो. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरेल आणि आजींना वाटेल कुणी मारतंय. मग आकडे मोजतात, दोर सुटतो, आणि एका क्षणात सगळं शांत. भुंकणं बंद. फक्त पायांची टपटप आणि स्लेजच्या पट्ट्यांचा बर्फावरचा सर्रर्र आवाज. चौदा वर्षांनंतरही त्या शांततेला माझ्या अंगावर काटा येतो.

तेव्हा हाकणाऱ्याकडे बघा. इथे त्याला मशर म्हणतात. तो सगळ्यांत मागे उभा असतो आणि लीडर त्याच्यापुढे वीस-पंचवीस मीटरवर. हातात लगाम नसतो, कासरा नसतो. उजवीकडे जायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबायला ‘व्होआ’, बस. वीस कुत्र्यांच्या टीमला मागून मारून पळवता येत नाही, हे यंत्रणेतच नाही. लीडरला वळायचं नसेल तर टीम वळत नाही, आणि कुत्र्यांनी बसायचं ठरवलं तर जगातला कुठलाही मशर त्यांना उठवू शकत नाही. तशा बसलेल्या टीमा मी पाहिल्या आहेत. शर्यत तिथेच संपते.

बैलगाड्याशी तुलना तुम्ही केलीत म्हणून सांगते. माझ्या आजोळी शर्यतीची खोंडं होती, त्यांना घरातल्या माणसाआधी चारा मिळायचा, आणि त्याच खोंडांना सुटायच्या वेळी काय काय केलं जायचं तेही मी पाहिलंय. 2014 ची बंदी त्या दुसऱ्या गोष्टीवरून आली, आणि 2023 मध्ये न्यायालयाने शर्यतींना मान्यता कायम ठेवली तीही अटी घालूनच. बैल मुळात पळण्याचं जनावर नाही, तो रवंथ करणारा, सावकाश ओढणारा. लांडग्याच्या कुळातलं कुत्रं दिवसभर टोळीनं पळण्यासाठीच घडलंय. म्हणून बैलाचा न्याय कुत्र्याला जसाच्या तसा लावू नका. पण ‘त्याला पळायला आवडतं’ एवढ्यावर विषय संपतो असंही समजू नका.

कारण आजींचा आक्षेप पोकळ नाही. कुत्र्याची हौस हीच त्याची अडचण आहे: ते दुखत असताना पळतं. मग थांबवायची जबाबदारी माणसावर येते, आणि माणूस कमी पडला तर किंमत कुत्रं मोजतं. लांब शर्यतींत पोटात व्रण होतात, हे अभ्यासांतून नीट सिद्ध झालंय आणि म्हणून आम्ही आधीपासून आम्ल कमी करणारी औषधं देतो. उलटी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कुत्री दगावतातही. इडिटरॉडमध्ये काही वर्षी एकही गेलं नाही, 2024 मध्ये तीन गेली. हृदयाचा आलेख, रक्ततपासणी, वाटेतल्या मुक्कामांवर पशुवैद्य, सक्तीची विश्रांती, एवढं सगळं असूनही. रॉन्डीसारख्या वेगाच्या शर्यतीत यातले बरेच धोके कमी असतात, कारण तासा-दीड तासात काम संपून कुत्रं पेंढ्यात झोपायला जातं. तिथे खरा शत्रू ऊब. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ आणि थोडेफार पंजे एवढीच वाट. उणे पंधरा अंशांत ते मजेत असतं. आपण ज्याला सुंदर हवा म्हणतो, ऊन आणि शून्याच्या वर पारा, त्या दिवशी आम्ही पशुवैद्य अस्वस्थ असतो.

आता परत येण्याकडे. बघण्यासारखं दृश्य म्हणजे शेवटचे शंभर मीटर. दोर ताणलेले आहेत का? ज्या कुत्र्याचा ओढदोर सैल पडलाय ते थकलंय. सगळ्या टीमचेच सैल असतील तर मशरने घाई केली. शेपटी खाली असणं वाईट नाही, पळताना ती तशीच असते. कान मागे आणि मान खाली मात्र बघा. कुणी स्लेजमधल्या पिशवीत बसून आलंय का? आलं असेल तर लोक हळहळतात, मला मात्र बरं वाटतं. मशरने ओझं वाढवलं, वेळ घालवला, पण लंगडणाऱ्याला पळवलं नाही. मग त्यांच्या गाड्या उभ्या असतात तिकडे, परवानगी असेल तिथवर, जा. मशर स्वतः आधी काय करतो? माझ्या ओळखीची एक साठीची बाई आहे. ती आल्या आल्या उलट्या बादलीवर बसते, हातमोजे काढते आणि एकेका कुत्र्याचा पंजा तळहातावर घेऊन बोटं फाकवते. त्या फटीत, केसांखाली, तांदळाच्या दाण्याएवढी लाल चीर असते. असली तर. बर्फाचे खडे तिथे अडकतात, कातडी चिरते, आणि दुसऱ्या दिवशी ते कुत्रं पहिल्या पाच किलोमीटरमध्ये लंगडतं. ती मलम लावते, वहीत कुत्र्याचं नाव आणि कोणता पाय ते लिहिते, पुढचा पंजा उचलते. सोळा कुत्री, चौसष्ट पंजे. बोटं निळी पडतात. कुत्री जांभया देत असतात. ते झाल्यावर मांसाचे तुकडे घातलेलं कोमट पाणी, कारण थंडीत कुत्रं नुसतं पाणी पीत नाही. स्वतःचा चहा सगळ्यात शेवटी. पाठीवर थोपटून फोटोला उभे राहणारेही असतात, तेही दिसतील. आठ वर्षांच्या मुलीला फरक कळतो.

तर इथवरचं एवढंच: शुक्रवार किंवा शनिवार धरा, प्रारंभरेषेपेक्षा शेवटाजवळ जागा पकडा, आणि पारा शून्याच्या वर गेला असेल तर अंतर कमी केलंय का ते विचारा. चांगले आयोजक करतात.

बाकी बरंच बर्फावर अवलंबून. फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर एरवी बर्फ साफ करतात, शर्यतीसाठी ट्रकने आणून पुन्हा पसरतात. पण जंगलातल्या वाटेवर ट्रकने बर्फ घालता येत नाही. 2016 मध्ये इडिटरॉडच्या समारंभासाठी उत्तरेकडच्या फेअरबँक्स शहरातून रेल्वेने बर्फ आणावा लागला. 2015, 2017 आणि 2025 मध्ये तर खरा प्रारंभच फेअरबँक्सला हलवला. रॉन्डीची शर्यतही काही वर्षी आखडली, काही वर्षी रद्द झाली. म्हणून विमानाची तिकिटं केवळ शर्यतीच्या भरवशावर काढू नका, आणि आठवडाभर आधी वाटेची स्थिती बघा. रद्द झालीच तरी मुलगी रिकामी राहणार नाही. रेनडिअरसोबत रस्त्यावर धावतात, बर्फाची शिल्पं असतात, आणि चामड्याच्या ताणलेल्या चादरीवरून माणसाला उंच उडवण्याचा मूळचा इन्युपियात, म्हणजे उत्तर अलास्कातल्या मूळ रहिवाशांचा खेळ असतो. आजींना एक आधी सांगा: नावातच फर आहे, त्यामुळे कातड्यांचा लिलावही उघड्यावर होतो. तो टाळायचा असेल तर कार्यक्रमपत्रिकेत त्याची वेळ बघून दुसरीकडे जा.

बहिणीने स्लेजमधून फेरी मारायचं ठरवलं असेल, तर पैसे भरण्याआधी त्या कुत्रापालकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुमची म्हातारी कुत्री कुठे आहेत?’ पूर्वी काही ठिकाणी न पळणारी कुत्री मारून टाकत, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो लगेच बोट दाखवतो: ती बघा, चुलीजवळ झोपलीय, बारा वर्षांची आहे. किंवा कुणाकुणाच्या घरी दिली ते नावानिशी सांगतो. साखळी बघून लगेच मत बनवू नका. पेंढा कोरडा आहे का, साखळी कुत्र्याला घराच्या छपरावर उडी मारून शेजाऱ्यापर्यंत पोचू देते का, आणि तुम्ही जवळ गेल्यावर ते पुढे येतं की मागे सरतं, हे बघा. आणि पूर्ण आवार दाखवायला कुणी नाही म्हटलं तर फेरी सोडून द्या.

कपड्यांचं बहीण सांगेलच, मी फक्त पायांचं सांगते. मुलीला एक नंबर मोठे बूट आणि लोकरीचे मोजे घाला, कारण दोन तास उभं राहायचंय आणि गारठा खालून चढतो. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. बहिणीचं पाळीव कुत्रं घरीच ठेवा, वाटेवर एखादं भलतं कुत्रं आलं तर अख्खी टीम गुंतते.

आणि मुलीला कुत्र्याला हात लावायचाच असणार. सुटण्याआधी मुळीच नाही, तेव्हा माणसंही एकमेकांशी बोलत नसतात. परत आल्यावर, खाणं झाल्यावर विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. तिला हातमोजा काढून मूठ कुत्र्याच्या नाकाखाली धरायला सांगा आणि थांबायला सांगा. पुढे काय करायचं ते कुत्रं ठरवेल. आजी तेवढा वेळ शेजारी उभ्या राहिल्या तर त्यांनाही जवळून बघता येईल.